कापसाचं अनुदान आलं नाही? शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

२०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारनं अर्थसहाय्य जाहीर केलं. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,०००, मर्यादा २ हेक्टर. एकूण तरतूद सुमारे ४,१९४ कोटींची, त्यातले १,५४८ कोटी कापसाचे. वाटप सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालं. तरी अजून लोक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात आणि चुका त्याच असतात.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे, "बँकेत आधार दिलं आहे, म्हणजे झालं." नाही झालं. बँकेची केवायसी वेगळी, डीबीटीसाठीचं, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून आधार बँकेला जोडणं, ते आधार सीडिंग वेगळं. हे पैसे आधारवर निघतात आणि शेवटी ज्या बँकेला आधार जोडलं गेलं तिथंच पडतात. आमच्याकडच्या एका कास्तकारानं सगळी दिवाळी कृषी सहायकाच्या नावानं बोटं मोडली. जिल्हा बँकेचं पासबुक पुढं आपटून म्हणाला, "पाहा ना भाऊ, एक रुपया नाही." माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, तर भलत्याच बँकेचं नाव. "हे खातं माझं नाहीच!" आतून काकू म्हणाल्या, "काहून नाही? गॅसच्या वेळी बसस्टँडजवळ अंगठा दिला होता ना!" त्या खात्यात अनुदान तर होतंच, बंद पडले म्हणून सोडून दिलेले राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे हप्तेही होते. म्हणून मी कुणाचंही पासबुक आधी बघत नाही. आधी सीडिंग, मग बाकी गप्पा.

शेतजमिनीचं खातं सामायिक असेल तर इतर खातेदारांचं नाहरकत पत्र लागतं. भाऊ सही देत नसेल तर तो भांडणाचा प्रश्न आहे, पोर्टलचा नाही.

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइल ॲपवरची नोंद, दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. कापसात तुरीच्या ओळी असतात, घाईत नुसती तूर चढते. नोंद झाली की गाव नमुना १२ (सातबाऱ्यातला पिकांचा भाग) उघडून स्वतःच्या डोळ्यानं बघा.

'साहेबांशी बोलून काढून देतो' म्हणणाऱ्याला टक्का देऊ नका. ज्यांना रांगेत तासभर उभं राहवत नाही, तेच याचे गिऱ्हाईक.

आता लाभार्थ्यांची यादी. ग्रामपंचायतीत लागली की लोक आपलं नाव शोधतात, फोटो काढतात, निघून जातात. अहो, पूर्ण वाचा! कुणाच्या पडीक शिवारात कापूस उगवला, कुणाच्या अर्ध्या एकराचा हेक्टर झाला, हे मुंबईत बसून कळत नाही. ते गावालाच कळतं, पण गाव वाचतच नाही.

यादी लावलीच नसेल तर माहिती अधिकार आहे. तिथंही घोळ घालतात. चार पानी अर्ज, त्यात सरकारचा धिक्कार, शेवटी "सर्व माहिती द्यावी" आणि "मला पैसे का दिले नाहीत?" असल्या अर्जाला एका ओळीत वाटाण्याच्या अक्षता मिळतात. 'का' विचारू नका, कागद मागा. अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं आपणहून जाहीर करायचा असतो, हे २००५ च्या कायद्यातल्या कलम ४(१)(ख)(बारा) मध्येच आहे. त्याचा उल्लेख करून एवढंच लिहा: अमुक गावची यादी, नाव, पीक, क्षेत्र, मंजूर रक्कम, अपात्र ठरवल्याचा शेरा. कुणाचा आधार किंवा खाते क्रमांक मागू नका, नकाराला आयतं कारण मिळतं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्जाला विषय एक आणि शब्द दीडशेच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. ते केल्याशिवाय थेट राज्य माहिती आयोगाकडे धावलात, तर कागद परत येईल.