मातीत माणूस घडवायचा तर चेहरा शेवटी घ्या

नवखा हात माणूस करायला बसला की डोक्यापासून सुरुवात करतो. नाक, डोळे, ओठ यांत दोन दिवस जातात आणि खालचं अंग खांबासारखं उभं राहतं. माझी पहिली काही वर्षं अशीच गेली. भाव आधी पायांत येतो, मग कमरेत, मग पाठीत. चेहऱ्याचा नंबर त्यानंतर.

माती. शाडू मऊ आणि बारीक, पण वाळला की ठिसूळ होतो. आकृती भाजायची असेल तर कुंभाराकडची लाल माती घ्या. रात्रभर भिजवा, कणकेसारखी मळा. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा: तडे गेले तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त.

रियाज. रोज एक वीतभर आकृती, २० मिनिटांत. तारेचा सांगाडा नको, कोरणीही नको, फक्त अंगठा. बसलेली, वाकलेली, पिंप उचलणारी माणसं करा. गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभी असलेली माणसं यासाठी फार उपयोगी, कारण कंटाळलेलं अंग काही लपवत नाही.

भार. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका पायावर भार टाकून उभे राहा, हात कमरेवर ठेवा. भाराच्या बाजूचं कमरेचं हाड वर गेलेलं हाताला लागेल. सैलावून उभे असाल तर त्याच बाजूचा खांदा खाली आलेला असतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडला तर तो भाराच्या घोट्याजवळ पडतो. मातीत हे तीन कल जमले की बिनचेहऱ्याची आकृतीही दमलेली दिसते. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण बघा: मान ताठ, हेलकावा सगळा कमरेत. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांच्या १८९६ च्या 'मंदिरपथगामिनी' या पुतळ्याचा फोटो मिळाला तर चेहरा हाताने झाकून बघा; देवळाकडे निघालेली ती बाई तरीही चालतच राहते. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथे गेलात तर शिल्पांच्या मागे जाऊन पाठी बघा.

सांगाडा. फूटभराची उभी आकृती आधाराशिवाय टिकत नाही. ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून पीळ द्या, म्हणजे माती धरून राहते, आणि जाड फळीवर पक्की बसवा. उंची डोक्याच्या साडेसातपट, या हिशेबाने ३० सेंटिमीटरच्या आकृतीचं डोकं ४ सेंटिमीटरचं, आणि जांघ साधारण मध्यावर. तार माती चढवण्याआधीच वाकवा. सरळ तारेवर माती लावून मग कंबर वळवायचा उद्योग मी केलाय. रात्रीत सगळं फळीवर बसलं होतं.

माती चढवणं. आधी धड आणि कंबर, मग मांड्या, शेवटी हात. दर पाच मिनिटांनी फळी फिरवा. समोरून सुरेख आणि बाजूने चपटी, ही खोड सगळ्यांनाच असते.

चेहरा. अंगठ्याने डोळ्यांच्या खोबणी दाबा आणि एका बाजूने दिवा लावा. सावली पडली की निम्मा चेहरा झाला. डोळे रेघेने कोरू नका. पापणी आणि ओठांचे कोपरे किंचित हलवून बघा, तेवढं पुरतं.

टिकवणं. काम थांबलं की ओलं सुती फडकं आणि वर प्लॅस्टिक. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, म्हणून तारेवरची आकृती वाळवली की चिरते. ती ओली असतानाच प्लॅस्टरचा साचा काढतात. भाजायची आकृती बिनतारेची करा. जरा घट्ट झाली की तारेने कापून आतून पोखरा, भिंत सेंटिमीटरभर ठेवा, कडा खरवडून पातळ चिखलाने जोडा, तळाला भोक पाडा. सावलीत आठवडा-दोन आठवडे वाळू द्या. घाई केलीत तर आतल्या पाण्याची वाफ होऊन आकृती भट्टीत फुटते.

रियाजाच्या आकृत्या मात्र मोडून बादलीत टाका. महिन्याला एकच ठेवा, तळव्यावर तारीख कोरून.