मोठी संख्या मूळ आहे का, हे कागदावर कसं तपासायचं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. संध्याकाळी शेजारची शिष्यवृत्तीची पोरं वह्या घेऊन येतात. त्यांना आधी आपले सोलापूरचे पिनकोडच तपासायला लावतो.

413001 ते 413006 घ्या. सम आकडे बघताक्षणी बाद. 413005 च्या शेवटी पाच, तोही गेला. 413001 च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणजे तिनानं भाग जातो. उरला 413003, आणि हा चिवट. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार 1001, म्हणून या तिघांचा निकाल एकदम लागतो. तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करून वजाबाकी करा: 413 − 3 = 410. याला तिघांपैकी कुणीच भागत नाही, म्हणजे 413003 लाही नाही. सतरानं भागलं तर पाच उरतात. एकोणिसाच्या पाढ्याला पोरं तोंड वाकडं करतात, आणि नेमकं तिथंच सापडतं: 19 × 21737. एकही पिनकोड मूळ नाही! तिथं सापडलं नसतं, तरी 641 च्या पुढं जायचं कारण नव्हतं. 643 चा वर्गच 413003 हून मोठा आहे, आणि दोन अवयवांतला एक तरी वर्गमुळाच्या आत असावाच लागतो.

आता खरा पैलवान: 2147483647. दोनाचा 31 वा घात, त्यातून एक वजा. बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी संगणकी घड्याळं 19 जानेवारी 2038 ला याच आकड्यावर संपतात.

याचं वर्गमूळ 46340 च्या आसपास. त्याच्या आतल्या मूळ संख्याच चार हजारांवर. इतके भागाकार कोण करत बसणार? गणितज्ञ ऑयलरनं 1772 मध्ये ही संख्या मूळ असल्याचं सांगितलं, ते आधी उमेदवार छाटून. नियम दोन. घातांक 31 मूळ आहे, म्हणून अवयव 62 च्या पटीपेक्षा एकानं जास्त हवा. शिवाय त्याला आठानं भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च यायला हवी. दोन्ही जुळवले की 248 च्या पटीत 1 किंवा 63 मिळवून येणारे आकडेच राहतात, जेमतेम पावणेचारशे. त्यातले संयुक्तही खोडा: 63, 249 गेले. पहिला खरा उमेदवार 311.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बाकी थेट दिसत नाही. भागाकार 6905092.1125… येतो. त्यातला पूर्णांक वजा करा आणि उरलेल्या दशांशाला 311 नं गुणा. 35 च्या आसपास आकडा दिसेल, बाकी 35. दशांश अर्धवट तोडू नका, नाहीतर 34.99 बघून डोकं फिरतं.

त्यानंतर 497, 559, 745 असे सगळे संयुक्तच लागतात. पुढचा उमेदवार थेट 1303. तिथं बाकी 226 आली, तर तुमचं बरोबर चाललंय.