शंखातली कुर्ली घरात पाळायची तर आधी वाळू बघा
माझ्याकडे दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे आहेत, मुंबईच्या मावसभावाने हौसेने घेतले आणि दोन महिन्यांत कंटाळून माझ्या गळ्यात मारले. मालवणला घरी टाकी लावली तेव्हा आजीने एवढंच विचारलं, "कुर्ल्यो खाऊच्यो की पाळूच्यो?" पाळायच्या असतील तर चुकत चुकत जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे ओहोटीला खडपातल्या डबक्यात शंख घेऊन पळणारे दिसतात ते उचलून आणू नका. ते समुद्रातले, त्यांना पाणीच लागतं, वाळूच्या टाकीत टिकत नाहीत. जमिनीवरचे वेगळे, त्यांना कोइनोबिटा म्हणतात, आणि ते उलट पाण्यात कोंडले तर बुडून मरतात. त्यांची पिल्लं समुद्रात वाढतात म्हणून घरात पैदास जवळपास होतच नाही, म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून पकडलेला असतो. त्यामुळे विकत घेण्यापेक्षा माझ्या भावासारखा कंटाळलेला कोणी शोधा, सापडतोच.

आता वाळू. कमीत कमी १५ सेंटीमीटर खोल, खेकडा मोठा असेल तर अजून. पाच भाग धुतलेली वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), आणि ओल इतकीच की मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे पण पाणी गळता नये. एवढी खोली का, तर खेकडा वाळूत पुरून घेऊन कात टाकतो, लहान असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर दोन महिनेसुद्धा बाहेर येत नाही. मला हे माहीत नव्हतं. आधी तीन होते, त्यातला मोठा गायब झाला, तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं मेला, म्हणून चमच्याने उकरला. आत फिकट गुलाबी, सोललेल्या कोलंबीसारखा मऊ, पाय हळू हलत होते. दोन दिवसांत खरंच मेला. त्यामुळे कुजक्या मासळीचा वास येत नाही तोवर उकरायचं नाही म्हणजे नाही, आणि टाकलेली कातही काढू नका, ती तो स्वतःच खातो, कॅल्शियमसाठी.

हवेचं म्हणाल तर कोकणात आपलं निम्मं काम आधीच झालेलं असतं. यांना कल्ले असतात, ते ओलसर राहिले तरच श्वास घेता येतो, म्हणून ७५ ते ८५ टक्के दमटपणा आणि २४ ते २९ डिग्री तापमान लागतं. दमटपणा मोजायला एक हायग्रोमीटर आत ठेवा, काचेचं झाकण लावा. पावसात उलटा त्रास, बुरशी येते, मग झाकण थोडं सरकवायचं. थंडीतल्या रात्री मात्र लक्ष ठेवा.

पाण्याच्या दोन वाट्या, एक गोडं, एक खारं, दोन्ही खेकडा आत बसेल एवढ्या खोल आणि बाहेर चढायला एखादा दगड टाकलेला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, विहिरीचं चालेल पण पंचायतीने टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकली असेल तेव्हा नाही. खाऱ्यासाठी जेवणातलं मीठ नको, अ‍ॅक्वेरियमचं समुद्री मीठ आणा. आणि तांब्याची भांडी अजिबात नकोत, तांबं यांना विषारी.

खायला आमच्याकडे रोज काही ना काही असतंच. ओलं खोबरं, पिकलेला फणस, बिनमिठाची सुकट, अंड्याचं कवच कुटून. किनाऱ्यावर पांढरं समुद्रफेन मिळतं ते धुवून टाका, कुरतडत बसतात. मच्छरचा स्प्रे त्या खोलीत मारू नका.

शंख जास्तीचे ठेवा, प्रत्येकाला तीन-चार तरी, गोल तोंडाचे, थोडे मोठे, उकळून घेतलेले. नाहीतर एकमेकांचे शंख ओढायला भांडतात. रंगवलेले शंख मला बघवत नाहीत, रंग निघून पोटात जातो.

झाकणाचं शेवटी सांगतो पण विसरू नका. रात्री हे कोपऱ्यातल्या सिलिकॉनला धरून वर चढतात आणि झाकण ढकलतात. आमचा एक पहाटे चुलीमागच्या नारळाच्या सोडणांत सापडला, तेव्हापासून झाकणावर आजीचा वरवंटा असतो, आणि वाटण वाटायच्या वेळेला तो उचलून न्यायचा आणि परत ठेवायचा ही माझी ड्युटी.