क्रेडिट कार्डाच्या बिलातील दोन आकडे आणि एक तारीख

क्रेडिट कार्डाचे मासिक बिल उघडले की दोन आकडे ठळकपणे दिसतात. पहिला 'टोटल ड्यू', म्हणजे त्या महिन्याचे संपूर्ण देणे. आणि दुसरा 'मिनिमम ड्यू', म्हणजे खाते थकीत ठरू नये म्हणून भरावीच लागणारी किमान रक्कम. माझी सारी नोकरी हिशेबखात्यात गेली असल्यामुळे इंदूरमध्ये रामबागेतल्या आमच्या घरी नात्यातली आणि शेजारची मंडळी बँकेचे कागद घेऊन येत असतात, आणि कार्डापायी अडचणीत आलेल्या बहुतेकांची गोष्ट या दुसऱ्या आकड्यापासूनच सुरू झालेली मी पाहिली आहे. कार्ड वापरायला शिकायचे तर सुरुवात इथूनच केली पाहिजे.

माझ्या भाच्याने 1 ऑक्टोबरला जेल रोडवरून 40,000 रुपयांचा लॅपटॉप कार्डावर घेतला. 20 ऑक्टोबरला बिल आले आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख होती 9 नोव्हेंबर. मिनिमम ड्यू 5 टक्क्यांप्रमाणे 2,000 रुपये होता. त्याने तेवढे वेळेवर भरले आणि उरलेले सावकाश फेडू असे मनाशी ठरवले. 20 नोव्हेंबरचे बिल घेऊन तो आला तेव्हा त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, पैसे तर भरले होते, मग हे वाढले कसे?" मी त्याच बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवली. त्याच्या कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. उरलेल्या 38,000 रुपयांवर रोजचे व्याज 43 रुपये 73 पैसे. हे व्याज शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून लागते, म्हणून 1 ऑक्टोबर ते 20 नोव्हेंबर या 50 दिवसांचे 2,186 रुपये झाले. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 393 रुपये. भरले होते 2,000 आणि चढले होते जवळपास 2,580.

बिनव्याजी मुदतीबद्दलचा गैरसमज इथेच उघडा पडतो. खरेदीपासून 20 ते 50 दिवस व्याज लागत नाही हे खरे, पण ती सवलत संपूर्ण देणे मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते. थोडी जरी रक्कम मागे राहिली, तरी पुढची सगळी थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही ही मुदत मिळत नाही आणि महिन्याच्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज धरले जाते. केवळ मिनिमम भरत राहिल्याने देणे वाढत जाऊ नये अशा रीतीने ती रक्कम ठरवावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे पुढच्या बिलांत व्याज आणि कर मिनिममध्ये मिळवले जातात. तरीही मुद्दल अत्यंत सावकाश उतरते. भाच्याने नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर केवळ व्याज, कर आणि मुद्दलाचे 5 टक्के भरले असते, तर एकट्या व्याजात आणि करात सुमारे 14,400 रुपये गेले असते आणि मूळ देण्यापैकी साडेवीस हजार तसेच उभे राहिले असते.

हा दर सरकार किंवा न्यायालय खाली आणील, या आशेवर कोणी राहू नये. कार्डावर 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

आता तारखेविषयी. बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरले जाण्याची सोय, चालू करता येते, परंतु तिथेही 'मिनिमम' आणि 'टोटल' असे दोन पर्याय असतात आणि घाईत पहिल्यावर बोट पडते; तो पर्याय एकदा उघडून स्वतःच्या डोळ्यांनी तपासावा. पगार किंवा पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला येत असेल आणि बिलाची शेवटची तारीख महिनाअखेरीस असेल, तर बिलाचे चक्र बदलून मागण्याची सोय कार्डधारकाला आहे, ती जरूर वापरावी. ज्यांना स्वतः पैसे भरायचे असतात त्यांनी शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधीच भरावेत. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला, तरच बँक कार्डाचे खाते थकीत असल्याचे सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवू शकते आणि लेट फी लावू शकते. ही सवड अडीअडचणीसाठी आहे, तिची सवय लावून घेऊ नये. मोठी खरेदी ठरलेलीच असेल तर ती बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, म्हणजे बिनव्याजी मुदत जवळजवळ पूर्ण मिळते.

खर्च करताना मी पाळतो ती पद्धत जुनी आहे, पण तिने मला कधी दगा दिलेला नाही. कार्डावर जेवढी रक्कम खर्च झाली, तेवढी त्याच संध्याकाळी मुख्य खात्यातून दुसऱ्या बचत खात्यात वळती करायची आणि वहीत एक ओळ लिहायची. बिल येते तेव्हा पैसे तयार असतात. वळते करायला खात्यात पैसे नसतील, तर ती खरेदी आपल्या ऐपतीबाहेरची होती हे त्याच दिवशी कळते, महिन्याने नव्हे. रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून या वहीची गरज वाढली आहे, कारण आमच्या शहरात सकाळच्या पोहे-जिलेबीपासून रात्री सराफा बाजारात लागणाऱ्या खाऊगल्लीतल्या खाण्यापर्यंत सगळे कोड स्कॅन करूनच चुकते होते. हे तीस-चाळीस रुपयांचे खर्च कार्डावर गेले, तर बिलाची दोन-तीन पाने भरतात आणि त्यांत एखादी चुकीची नोंद सहज लपते. किरकोळ खर्चासाठी बचत खातेच जोडलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्डाची लिमिट म्हणजे आपले उत्पन्न नव्हे. एक लाखाची लिमिट असली तरी वापर तीस हजारांच्या आत राहिला तर सिबिल स्कोअरही चांगला राहतो. हा स्कोअर 300 ते 900 असतो आणि पुढे घरासाठी कर्ज घेताना तोच पाहिला जातो. धनत्रयोदशीला किंवा लग्नसराईत दागिने घेताना काही दुकानदार कार्डावर दोन टक्के वर मागतात. दीड लाखाच्या खरेदीवर हे तीन हजार होतात, तेव्हा मिळणारे पॉइंट आणि द्यावी लागणारी रक्कम यांचा हिशेब दुकानातच करावा. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हप्त्यांत, व्याजाएवढी सूट देऊन दाखवली जाते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते; शिवाय रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट हातची जाते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र कधीही काढू नये. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच, त्याच दिवसापासून व्याज लागते आणि वर वेगळे शुल्क पडते.

डेबिट कार्डाने कर्ज होत नाही, पण चूक झाली तर स्वतःचेच पैसे थेट जातात. म्हणून ज्या खात्यात आयुष्याची बचत आणि मुदत ठेवी आहेत, त्या खात्याचे कार्ड घेऊन बाजारात फिरू नये; महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवलेले वेगळे खाते असावे आणि त्याचेच कार्ड पाकिटात असावे. ॲपमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि मशीनला नुसते टेकवून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे बंद करता येतात. टेकवून होणाऱ्या व्यवहाराला 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे हरवलेले कार्ड सापडणाऱ्यालाही तो लागत नाही, हे लक्षात घेऊन ज्येष्ठांच्या कार्डावर मी ही सोय बंदच करून देतो. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन आणि इतर ठिकाणी पाच व्यवहार दरमहा विनाशुल्क असतात. इंदूर या नियमापुरते महानगर नाही, त्यामुळे आपल्याला पाच मिळतात, मात्र नुसती शिल्लक पाहणे हाही त्यांतला एक व्यवहार धरला जातो. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने 100 रुपये भरपाई द्यायची असते. पावती जपून ठेवावी.

शेजारच्या काकूंना एकदा दुपारी फोन आला, "मॅडम, आपके कार्ड की लिमिट बढ़ रही है, एक नंबर आएगा, बता दीजिए." काकूंनी तो सांगितला आणि चष्मा शोधून मेसेज नीट वाचेपर्यंत 18,000 रुपये गेले होते. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचे नाव लिहिलेले असते. तो आकड्यासाठी नव्हे, तर त्या ओळीसाठी वाचायचा असतो. असे घडल्यास आधी कार्ड ब्लॉक करावे, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेकडून तक्रार क्रमांक लेखी घ्यावा. आपली चूक नसताना, बाहेरच्या कोणाच्या लबाडीमुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आपण कळवले असेल, तर 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार नुकसान ग्राहकावर टाकता येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले असते, म्हणून तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कोणतेही शुल्क न भरता तक्रार करता येते.

देणे आधीच साचलेले असेल, तर लाजेने ते घरात लपवू नये; माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी लपवले, त्यांचेच सर्वांत जास्त वाढले. सगळ्या कार्डांची थकबाकी आणि व्याजदर एका कागदावर मांडावेत, खरेदी पूर्ण थांबवावी आणि ज्याचा दर सर्वांत चढा ते आधी फेडावे. सहा-सात टक्क्यांची एफडी तशीच ठेवून 42 टक्क्यांचे देणे ओढत राहणे हा शुद्ध तोटा आहे, म्हणून ती मोडावी. एफडी नसेल तर बँकेकडे थकबाकीचे हप्ते करून मागावेत किंवा सोने तारण ठेवून कमी दराचे कर्ज घ्यावे, पण एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडू नये. भाच्याने आईशी बोलून तिची छोटी एफडी मोडली, कार्ड एकरकमी मोकळे केले आणि आता तो दरमहा आईला पैसे परत करतो आहे. 'सेटलमेंट'चा, म्हणजे देण्याचा काही भाग घेऊन खाते मिटवण्याचा, प्रस्ताव आला तर घाईने होकार देऊ नये, कारण सिबिलच्या अहवालात ते खाते पूर्ण फेडलेले असे न दिसता तडजोडीने मिटवलेले म्हणून दिसत राहते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची परवानगी नाही, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

नको असलेले कार्ड बंद करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर चालू असलेली वीजबिलाची किंवा विम्याची ऑटो-पेमेंट आधी दुसरीकडे वळवावीत, थकबाकी शून्य करावी आणि मग लेखी विनंती द्यावी. बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचे असते. उशीर केल्यास दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद झाल्याचा मेसेज किंवा पत्र जपून ठेवावे, दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल मागवून ते खाते तिथेही बंद दिसते आहे ना याची खात्री करावी, आणि कार्डाचे तुकडे करताना कात्री चिपच्या मधोमध चालवावी.