सेल्फ उचलत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणू नका : जुन्या मिनी ट्रॅक्टरवरच्या या चुका टाळा

वरुड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या बागेत चालणारे जुने छोटे ट्रॅक्टर कितीतरी आहेत, आणि चावी फिरवल्यावर नुसतं कट्ट वाजलं की बहुतेक जण सरळ बॅटरीच्या दुकानात जातात. अरे आधी बॅटरीचे व्होल्ट मोजा ना! ते मोजायचा साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो.

आणि मोजायचं ते सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मारताना. रात्रभर उभ्या गाडीची चांगली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. पण आतून गेलेली बॅटरीसुद्धा उभ्या उभ्या 12.5 दाखवू शकते, म्हणून एकाला चावी मारायला लावा आणि तेव्हा काटा पाहा. 9.6 च्या खाली गेली तर पूर्ण चार्ज करून परत पाहा, तरी तेच असेल तर बॅटरी बदला. 11 च्या आसपास टिकून आहे आणि सेल्फ तरी मेल्यासारखा फिरतोय, तर करंट वाटेत कुठंतरी अडतोय.

मी पहिले अर्थिंग पाहतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची ट्रॅक्टरच्या लोखंडाशी केलेली जोडणी. शेजारच्या गावातल्या एका भाऊनं दसऱ्याच्या पूजेआधी ट्रॅक्टर रंगवून आणला आणि तेव्हापासून सेल्फ कधी घ्यायचा, कधी नाही. बॅटरी बदलली, मग सेल्फ उघडून कार्बन आन् बुश टाकले, मग सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) नवा, एवढं करून रोज सकाळी पोरं बोलावून धक्का मारणं चालूच. मला म्हणे, "दादा, काऊन असं करते हे? समदं तं नवं टाकलं." मी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि त्याला चावी मारायला सांगितली. तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला पाहिजे, आले दोनच्या वर. रंगवताना अर्थची पट्टी सोडली होती, खाली गंज तसाच ठेवून वरून रंग मारला आणि बोल्ट परत कसला. पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, गाडी पहिल्या चावीत चालू. फवारणीचे दिवस मात्र गेले ते गेलेच. पार्ट बदला म्हणणारे त्याला सगळे भेटले, पाना घेऊन खाली वाकणारा कोणी भेटला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं जमलं असेल तर बॅटरीची झाकणं बंद ठेवून खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा. काढताना निगेटिव्ह पहिले, लावताना शेवटी. बॅटरीत बोअरचं पाणी नको, डिस्टिल्डच घाला.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त चीड येते ते : सेल्फवर पेचकस टेकवून ठिणगी पाडून गाडी चालू करणं. क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असलेल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय चावीनं सेल्फ फिरतच नाही. पेचकस लावला की तो स्विच बाजूलाच पडतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन पेटताच ट्रॅक्टर चालू लागतो आणि तुम्ही चाकाजवळ उभे असता. अशानं माणसं चिरडून मेली आहेत. घाई आहे, एकदाच करतो, असं म्हणणारा परत परत तेच करतो. स्विच खराब झाला म्हणून वायर जोडून कायमचा डायरेक्ट करतात त्यांचंही तेच. असा ट्रॅक्टर माझ्याकडे आला तर आधी स्विच बसवतो, मग बाकीचं.

सेल्फ दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर आतली वाइंडिंग जळते. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर सेल्फ उघडू नका, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला करंट जातो का ते पाहा, आणि डिसेंबरच्या पहाटे हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) असतील तर तेही. फ्यूज जळाला तर त्याच ॲम्पिअरचा टाका, तार गुंडाळू नका.

आणि गाडी चालू झाली की मीटर परत बॅटरीवर लावा. 13.8 ते 14.4 च्या मधे दिसलं तर चार्जिंग ठीक. 12.5 वरच अडलं असेल तर आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) पट्टा बोटानं दाबून पाहा (इंजिन बंद करून!), ढिला असेल तर आवळा, तरी वाढत नसेल तर अल्टरनेटर काढून तपासायला द्या.