कापूस घरात भरला ना? मग स्मोक अलार्म लावा, तो कसा अन् कुठं ते सांगतो

दिवाळी झाली की आमच्या यवतमाळ-अमरावतीकडं निम्म्या घरात चालायला जागा राहत नाही, सपरीत कापूस, माजघरात कापूस, भाव वाढंल म्हणून दोन-तीन महिने तसाच पडून, अन् त्याच ढिगाला लागून आपली बाज. पोरं त्याच्यावर उड्या मारतात, कोणी मोबाईल चार्जिंगला लावून ढिगावरच टाकून देते. मीही टाकलेला आहे, खोटं कशाला बोलू.

कापसाची आग बरेचदा लगेच भडकत नाही, हीच तिची खोड. विडीचं थोटुक नाहीतर बोर्डातली ठिणगी आत गेली की ती तासन् तास आतल्या आत धुमसत राहते, वरून ढीग पांढराशुभ्र. अन् "धुराचा वास आला की जाग येईलच ना बा" या भरवशावर तं बिलकुल राहू नका, झोपेत नाक काम करत नाही म्हटलं तरी चालंल, वरून धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो, माणूस झोपेतच गुंगून जाते. आगीची गाडी तालुक्याच्या नगरपरिषदेतून निघणार, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे घरातल्या माणसाला लवकर उठवणं हाच खरा उपाय, अन् ते काम स्मोक अलार्म, म्हणजे धूर आला की भोंगा वाजवणारा डबा, करते.

घेताना काय पाहायचं. ऑनलाइन मागवताना 'फोटोइलेक्ट्रिक' (म्हणजे उजेडाच्या किरणानं धूर ओळखणारा) लिहिलेला घ्या, धुमसणारी आग तो लवकर पकडते. आत बॅटरी अन् भोंगा दोन्ही असलेला, एकट्यानं चालणारा पाहिजे. ऑफिस-मॉलमधे छताला असतो तो वायरचा गोल डबा स्वस्त दिसते पण त्याला वेगळं पॅनल लागते, आपल्या घरी लावला तर नुसता शोभेचा. डब्यावर ईएन १४६०४ (EN 14604) किंवा यूएल २१७ (UL 217) असं छापलेलं असलं तर बरं, ही स्मोक अलार्मची युरोप-अमेरिकेची मानकं आहेत. आवाज ३ मीटरवर ८५ डेसिबल म्हणजे कान फुटल्यासारखा वाटंल, तसाच पाहिजे. लाईटवर चालणारा घेतला तरी त्यात बॅटरी असलीच पाहिजे, आपल्याकडची लाईन कधी जाईल काही भरवसा नाही.

आता लावायचं कुठं, इथंच लोक चुकतात. जिथं झोपता तिथं पहिला, जिथं कापूस आहे तिथं दुसरा. स्लॅबचं घर असंल तर छताच्या मधोमध, भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर लांब, अन् पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीन फूट तरी दूर, नाहीतर पंखा धूर उडवून लावते. टिनाचं घर असंल तर पत्र्याला चिकटवू नका! मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते तेव्हा पत्र्याखाली काय होते ते दुपारी झोपणाऱ्याला विचारा. बरेचसे अलार्म ४० डिग्रीच्या आसपासपर्यंतच चालायला बनवलेले असतात, शिवाय पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचते अन् धूर त्याच्याखालीच अडकते. त्यापेक्षा आतल्या भिंतीवर, छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावा. कवेलूचं घर असंल तरी भिंतच बरी, पण अगदी कोपऱ्यात नको, तिथं हवा फिरत नाही.

चुलीजवळ किंवा गॅसजवळ लावू नका, ३ मीटर तरी लांब. फोडणी दिली की बोंबलते, मग दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी वैतागून बॅटरी काढून रिमोटमधे टाकते, अन् अलार्म भिंतीवर मेलेला. धूप, मच्छर अगरबत्तीही त्याच्या खाली नको.

लावला की महिन्यातून एकदा बटन दाबायचं. तारीख लक्षात राहत नाही म्हणून आम्ही अमावस्या धरली आहे, ढोरांचं, औजारांचं काही ना काही त्या दिवशी असतेच. कापसाचे तंतू अन् कोळी जाळीत शिरतात, त्याच्यानं तो उगाच वाजते किंवा वाजायचा तेव्हा वाजत नाही, तर मऊ ब्रशनं झाडून घ्या. डबा १० वर्षांनी बदलायचा, मागं बनवल्याची तारीख असते.

बॅटरी उतरली की तो मिनिटाभरानं एकदा 'टिक' असा बारीक आवाज करते. आमच्या घरी दोन रात्री आम्ही रातकिडा शोधत होतो. आई झाडू घेऊन, मी टॉर्च घेऊन, पलंगाखाली, कोठीमागं, बाबा म्हणे झोपा आता, किडाच तं आहे. तिसऱ्या दिवशी माझी पोरगी वर पाहत म्हणाली, बाबा हा डबा बोलून राहिला. तेव्हा 'टिक' आली की आधी वर पाहा.

एक गोष्ट पक्की समजा, हा अलार्म स्वयंपाकाचा गॅस ओळखत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीशी साचते. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, लाईटचं बटन चालू करायचं नाही अन् बंदही करायचं नाही, बाहेर जाऊन गॅसगळतीच्या १९०६ नंबरला फोन.

अलार्म आग लागू देत नाही असं थोडंच आहे, ते आपल्यालाच पाहावं लागते. बोर्ड अन् मीटरला लागून कापूस रचू नका, मधे माणूस जाईल एवढी जागा सोडा. फ्यूज सारखा उडते म्हणून जाड तार टाकणारे भाऊ प्रत्येक गावात एक असतातच, तो फ्यूज म्हणजे मग फ्यूजच राहत नाही, वायर आधी जळते. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, बसवून घ्या. कूलरच्या वायरीला टेप मारून जोड दिला असंल तर या उन्हाळ्यात अख्खी वायर बदला. कुटार अन् पऱ्हाटीची गंजी घराच्या भिंतीला टेकवून नको.

आता रात्री खरंच वाजला तर. पहिले माणसं बाहेर, कापूस नंतर. धूर असंल तर वाकून, नाक जमिनीजवळ ठेवून निघा. चॅनल गेटला आतून कुलूप लावत असाल तर किल्ली तिथंच खिळ्याला, आईच्या पदराला नाही. दाराच्या वाटेत कापसाची गंजी असली तर आजच सरकवा. मेन स्विच वाटेत असंल तरच पाडा. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२, अन् पत्ता सांगताना शाळा, मंदिर, डीपी अशी खूण सांगा, एक पोरगा फाट्यावर उभा करा. गोठ्यातल्या ढोरांना टोक ओढल्यावर सुटंल अशी सुरगाठ रोजच मारायची सवय ठेवा, अंधारात गाठी सुटत नाहीत.

धुमसणारा ढीग घरात उचकटू नका, हवा लागली की भपकन् पेटते. वरून पाणी टाकलं तरी कच्च्या कापसावर मेणचट थर असते, पाणी ओघळून जाते अन् आत आग तशीच. आग विझवणारे आले की ढीग बाहेर ओढून, पसरवून, भिजवून घेतात. विझलेला कापूस घरात परत नेऊ नका, दोन दिवसांनीही पेट घेते.

एकदा सगळे झोपलेले असताना बटन दाबून पाहा. आम्ही पाहिलं. मी उठलो, बायको उठली, कुत्रं भुंकलं. आबाजीला कमी ऐकू येते, ते घोरतच होते, अन् ज्या पोरीनं तो डबा शोधला ती कूस बदलून परत झोपली. तेव्हापासून ठरलं, वाजला की पोरीला बायको उचलंल अन् आबाजीची बाज दाराजवळ, त्यांना मी.