टच पॅनलला वाय-फाय जोडताना सिक्युरिटी नीट लावा, ओपन ठेवू नका

मागं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेलतो, सँड प्लँटचा (साच्यांची वाळू तयार होते तो विभाग) टच पॅनल, म्हणजे मशीन चालवायचा स्क्रीन, वाय-फायवर घ्यायचा होता. बघतोय तर आधी येऊन गेलेल्या माणसानं राउटरला पासवर्डच ठेवला नव्हता, का तर म्हणे पॅनल कनेक्ट होईना. म्हणजे गेटबाहेर ट्रक लावून बसलेला कोणीपण त्याच नेटवर्कवर येणार, जिथनं वाळूच्या मिक्सरचं पाणी कमीजास्त करता येतंय. लई धोक्याचं आहे हे, आणि नीट करायला अर्धा तास पण लागत नाही.

पहिला राउटर बघायचा. लॅपटॉपवरनं लॉगिन करून वायरलेस सिक्युरिटीत जा आणि डब्ल्यूपीए२ पर्सनल (एका पासवर्डवर चालणारी वाय-फायची सुरक्षा), एन्क्रिप्शन म्हणजे डेटा गुप्त करायची पद्धत फक्त एईएस असं ठेवा. डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा दिसली तर ती निवडूच नका, ते 1997 चं आहे आणि 2001 लाच त्यातली कमजोरी उघडी पडलीय, आता काही मिनिटांत त्याची की (गुप्त किल्ली) निघते. टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत पण नको. डब्ल्यूपीए३ 2018 ला आलं, चांगलंच आहे, पण कारखान्यातले जुने पॅनल ते ओळखत नाहीत, कधी कधी २ आणि ३ मिक्स ठेवलं तरी अडतात, तेव्हा पॅनलसाठी सरळ डब्ल्यूपीए२ चं वेगळं नेटवर्क काढा आणि ऑफिसचे मोबाईल दुसऱ्यावर टाका. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणावर किंवा पिनवर जोडायची सोय) बंद करा, त्याचा 8 आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो त्यामुळं 11,000 प्रयत्नांच्या आत सापडतो.

आता पॅनल. सेटअप मेनू कसा उघडायचा ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतंय, मॅन्युअल बघा. आत वायरलेसमध्ये नेटवर्कचं नाव निवडा, सिक्युरिटी राउटरवर जी ठेवली अगदी तीच निवडा, आणि मग पासवर्ड.

खरी गंमत पासवर्डलाच होते बघा. 8 ते 63 अक्षरं चालतात, पण पॅनलचा कीबोर्ड बारका, स्क्रीनवर वाळूची धूळ, हातात ग्लोव्ह, एक अक्षर शेजारचं दाबलं जातं आणि टिंबं दिसत असल्यामुळं कळतच नाही. त्या फाउंड्रीत पण तेच झालेलं, पासवर्डमध्ये शून्य होता आणि टाकणारा कॅपिटल ओ टाकत होता, एवढ्यासाठी आख्खं नेटवर्क उघडं ठेवलेलं! म्हणून स्क्रीन पुसा, ग्लोव्ह काढा, पासवर्ड दाखवा असा पर्याय असला तर चालू करा, आणि पासवर्ड ठेवतानाच शून्य-ओ, एक-एल असली जोडी टाळून 16-20 अक्षरांचा ठेवा. लांबी महत्त्वाची, चिन्हं कमी असली तरी चालतंय.

नेटवर्कच दिसत नसेल तर राउटर फक्त 5 गिगाहर्ट्झवर आहे का बघा, बरेच पॅनल 2.4 वरच चालतात. मोठ्या कंपनीत सर्टिफिकेटवालं लॉगिन (डिजिटल ओळखपत्र तपासून होणारं) असेल तर आधी पॅनलची तारीख-वेळ बरोबर करा, बॅटरी संपून तारीख मागं गेलेली असली की सर्टिफिकेट घेतच नाही.

जोडला की लगेच निघू नका. पॅनलची पॉवर बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत द्या आणि आपोआप नेटवर्क धरतोय का ते समोर उभं राहून बघा, कारण रात्री लाईट जाऊन आली तर रात्रपाळीच्या ऑपरेटरकडं पासवर्ड नसतोय.